भुईमेंढीला सुळे नव्हते

अक्का, मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. एवढी साधी गोष्ट तुला आठवू नये? मेंढरं राखणाऱ्याच्या घरात जन्मलीस, सात वर्षं त्यांच्यात लोळलीस, आणि पुस्तक लिहायला बसलीस तेव्हा आपल्या आजीच्या, अव्वाच्या भुईमेंढीला हातभर लांब सुळे दिलेस. वर तिचं नाव ठेवलंस कृष्णदंष्ट्रा. ते वाचताना मला तीनदा थांबावं लागलं. मी चौथी शिकलेली आहे हे तुला ठाऊक होतं. तरी पहिल्या पानावर 'प्रिय सुंदास' असं लिहून तूच ते पुस्तक माझ्या हातात दिलंस.

काल तुझा तेरावा झाला. तुझ्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, प्रकाशक आले होते. तुझी पुस्तकं वाचून मोठी झालेली दोन पोरं आली होती, त्यांना आता मिशा आल्यात. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. एक गृहस्थ म्हणाले, "बाईंनी इतिहासात कल्पनेतली जनावरं सोडली, म्हणून मुलं इतिहास वाचायला लागली." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मागं, चपला काढल्या होत्या तिथं बसले होते. कुणाच्या कल्पनेतली, हे विचारायला मी उठले नाही. मी कधी कुठं उठले आहे? तुझी मेघना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, तू बोलतेस का दोन शब्द?" मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, धाकटीला रडू आवरत नाही.

रडू नव्हतं ते. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून आज घरी हे लिहायला बसले. ही वही कुणी बघत नाही. आमचे हे कारखान्यातून दमून येतात, जेवतात, झोपतात. म्हणजे इथं तुझ्याशी मनासारखं भांडता येईल. तू मध्येच बोलून मला गप्प करणार नाहीस, हा एक फायदा झाला.

आधी गोष्ट नीट सांगते. दिल्लीच्या बादशहाची छावणी भीमेकाठी पडली होती, तेव्हाची. शिपाई रोज गावात शिरायचे आणि मेंढरं हाकून न्यायचे. बाळाई नावाच्या पोरीच्या हवाली घरची चाळीस मेंढरं होती. लपवायला जागा नाही. आपल्या मंगळवेढ्याकडच्या रानात कुठला आलाय डोंगर? सगळं काळं आणि सपाट. पण उन्हाळ्यात त्या काळ्या रानाला भेगा पडतात, आणि भेगांच्या आत भुईमेंढी राहते. काळी, घराएवढी, डोळे विहिरीच्या पाण्यासारखे. बाळाई भेगेच्या काठावर पालथी पडली आणि म्हणाली, "आई, माझी मेंढरं ठेव." भेग रुंदावली. चाळीसच्या चाळीस आत गेली. शिपाई आले, रिकामं रान बघून माघारी गेले. मग पाऊस झाला, आणि काळं रान नेहमी मिटतं तसं मिटलं.

इथवरच तुला माहीत होतं. आणि एवढ्यावर तू दीडशे पानं लिहिलीस.

आपल्या दोघींतली एकच पुढं शिकणार, हे घरात कुणी बोलून ठरवलं नव्हतं. तू थोरली, तू हुशार, तू सातव्या वर्षी सोलापूरच्या वसतिगृहात गेलीस. मी चौथीनंतर मेंढरांमागं गेले. त्याचा राग मी कधीच धरला नाही, असं मी तुला आयुष्यभर सांगत आले. खोटं सांगत आले. तुझी पत्रं यायची, त्यात तू लिहायचीस, आज आम्ही भुईकोट किल्ला बघितला, आज आम्ही गॅदरिंगला नाच केला. मी ती पत्रं अव्वाला वाचून दाखवायचे आणि मध्ये मध्ये एखादी ओळ गाळायचे. नाचाची गाळली होती.

माझ्या वाट्याला अव्वाच्या गोष्टी आल्या. ऊन चढलं की अव्वा मेंढरं बाभळीखाली बसवायची आणि सांगायला लागायची. मी हूं म्हणायचे. आपल्यात ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचंच असतं. अव्वा म्हणायची, "हूं आलं न्हाय तर गोष्टीतल्या जनावराला कसं कळावं, हिकडं माणूस हाय म्हणून? ते थांबतं की." मला डुलकी लागली आणि हूं चुकलं, की अव्वा तिथंच थांबायची. त्या दिवशी पुढची गोष्ट नाही, कितीही रडा. सुट्टीत तू यायचीस तेव्हा तूही हूं म्हणायचीस. मला कोपरानं ढोसायचीस, "झोपू नको गं भवाने, म्हण!" म्हणजे तुला हे माहीत नव्हतं असं नाही. भुईमेंढीच्या गोष्टीचा शेवट मात्र अव्वानं तू वसतिगृहात असतानाच सांगितला.

मग तू शिकवायला लागलीस, मुलांसाठी जुन्या काळातल्या कादंबऱ्या लिहायला लागलीस. एका रविवारी भवानी पेठेतल्या तुझ्या घरी मला बोलावलंस. पोहे केलेस. मला खुर्चीत बसवलंस आणि टीपॉयवर मोबाईल ठेवलास.

"अव्वाची ती भेगेतल्या मेंढीची सांग. पहिल्यापासून. रेकॉर्ड होतंय."

"तू बस की हितं."

"मी आहेच गं. तू सुरू कर, मी कुकर बघून येते."

मी मोबाईलकडं बघून बोलायला लागले. आत कुकरची शिट्टी झाली. मग दारात तुझ्या शाळेतल्या कुणी बाई आल्या, त्यांच्याशी तू परीक्षेच्या पेपरांबद्दल बोलत उभी राहिलीस. मी रान मिटलं इथवर आले आणि थांबले. वाट बघितली. मोबाईलवरचा लाल ठिपका लुकलुकत होता. त्याला काही हूं म्हणता येत नव्हतं. थोड्या वेळानं तू आलीस आणि तो बंद केलास.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. वर लाल डोळ्यांचं जनावर, सुळ्यांतून रक्त गळतंय. आणि बाळाई कुठं आहे? नाही. बाळाईचा तू बाळाजी केलास, त्याच्या हातात भाला दिलास. तो भेगेत उतरतो, मेंढरं गिळून बसलेल्या कृष्णदंष्ट्रेला भोसकतो, तिच्या पोटातून चाळीस मेंढरं चालत बाहेर येतात. एकाच्याही लोकरीला डाग नाही. अक्का, पोटातून निघालेलं कोकरू कसं दिसतं ते तू बघितलं होतंस. माझ्या शेजारी बसून बघितलं होतंस.

तरी प्रकाशनाला मी आले. शाळेच्या हॉलमध्ये पोरांनी तो प्रसंग करून दाखवला. दोन पोरं घोंगडी पांघरून ओणवी झाली, ती झाली कृष्णदंष्ट्रा. तिसऱ्यानं पुठ्ठ्याचा भाला त्या घोंगडीत खुपसला आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. घोंगडीत, अक्का! आणि तू स्टेजवरून माझ्याकडं हात केलास. "ती बघा, माझी धाकटी बहीण सुंदरा. फार शिकली नाही, पण या गोष्टीचं बीज मला तिनं दिलं." सगळ्या माना मागं वळल्या. मला त्या खुर्चीच्या खाली जाता आलं असतं तर मी गेले असते.

परत येताना रिक्षात तूच सुरुवात केलीस.

"तोंड का पाडलंयस? टाळ्या वाजल्या की तुझ्यासाठी."

"अव्वाची मेंढी मारलीस तू."

"अगं, मुलांच्या पुस्तकाला शेवट लागतो. लढाई लागते. रान मिटलं, संपलं, असं कुठं असतं का?"

"आणि पोरीचा पोरगा केलास."

"असली पुस्तकं मुलगेच जास्त वाचतात. प्रकाशक म्हणाले."

"मग प्रकाशकाच्या अव्वाची मारायची की."

रिक्षावाला हसला. त्यानं तू चिडलीस, आणि चिडलीस की तुझी पुस्तकी भाषा सुटायची. "लई शानी झालीस व्हय गं? येवडं व्हतं तर सोता ल्ह्यायचं!"

स्वतः लिहायचं. चौथीवालीनं. ते वाक्य तू रागात म्हणालीस हे मला कळलं होतं. पण सहज तोंडात आलं, म्हणजे आत तयार होतं. मी अक्कलकोट रोडच्या वळणावरच उतरले आणि चालत घरी गेले. त्यानंतर दोन वर्षं आपण सणाला भेटलो. पुरणपोळी कशी झालीय, मेघनाचं कसं चाललंय, एवढंच बोललो.

तुझे उपकार मी नाकारत नाही. ह्यांना एमआयडीसीत काम तुझ्या ओळखीनं लागलं. दर दिवाळीला तू मला पुस्तकं आणायचीस, आणि पुढच्या दिवाळीला विचारायचीस, "वाचलंस? काय आवडलं नाही ते सांग." काय आवडलं, असं कधी विचारलं नाहीस. मी आज सरळ वाक्य लिहिते ते त्या पुस्तकांमुळं. चांगलं काय आणि फसलेलं काय, हे कळायला लागलं तेही त्यामुळंच. तूच मला शिकवलंस आणि मग तुझंच फसलेलं पुस्तक मला वाचायला दिलंस. आता मी काय करू?

आणि मेघना. ते पण आज बोलूनच टाकते. तुझी बदली लांब झाली तेव्हा वर्षाची पोर तू माझ्याकडं ठेवलीस. चार वर्षं. ती मेंढरांत रांगली, माझ्या पाठीवर झोपली, मला आई म्हणायला लागली. मी तिला सुधारलं नाही. तू न्यायला आलीस तेव्हा एसटीच्या स्टँडवर तिनं माझं लुगडं दोन्ही मुठींत धरलं होतं. तू एकेक बोट सोडवलंस. "मावशी म्हण तिला," म्हणालीस. "म्हण, मावशी येते." गाडी सुटली तरी आतून तिचा आवाज येत होता. तुझी पोर, तू नेलीस, त्यात गैर काही नाही. पण एक दिवस थांबली असतीस. दोन दिवस माझ्या घरी राहून तिला तुझी सवय होऊ दिली असतीस. तुला शाळेत हजर व्हायचं होतं.

दवाखान्यात मी रोज दुपारी यायचे. त्या दिवशी मोसंबी सोलत होते.

"सुंदे."

"काय?"

"त्या मेंढरांचं पुढं काय झालं गं?"

"कुठल्या?"

"भेगेतल्या."

"तुझ्या पुस्तकात छापलंय की. मेली मेंढी, सुटली मेंढरं."

तू हसलीस. हसताना तुला दम लागला. "खडूस हायस," म्हणालीस. मग हात पुढं करून माझं मनगट धरलंस. "सांग ना. मी हूं म्हणते."

अक्का, तुला आठवलं होतं. तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "दमलीयास तू. उद्या सांगते." तू दमली होतीस हे खरं. पण मी त्यासाठी थांबले नाही. मला तुला एक दिवस ताटकळत ठेवायचं होतं. फक्त एक दिवस. दुसऱ्या दिवशी आले तर तुझ्या तोंडात नळी होती, आणि तिसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

आज दुपारी मेघना आली. हातात तुझी निळी वही. तू दुसरा भाग लिहायला घेतला होतास, हे मला तेव्हा कळलं. सात प्रकरणं झालीत, पुढं कोरं. शेवटच्या पानावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ते मेघनानं वाचून दाखवलं: 'सुंदा त्या दिवशी "झालं" म्हणाली. पण गोष्ट संपली की ती पदर झटकून उठते, अव्वासारखी. त्या दिवशी बसून राहिली होती. पुढचं विचारणे.'

वाचून झाल्यावर मला मान वर करता येईना. कारण ते खरं आहे. मोबाईल बंद करताना तू मला विचारलं होतंस, "झालं?" आणि मी "झालं" म्हणाले होते. नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तू घाईत होतीस, दारातल्या बाई अजून उभ्या होत्या. मेंढरं जमिनीत गडप झाली आणि गोष्ट संपली, असं मीच तुला सांगितलं. मग ते जनावर खाणारंच असणार, आणि त्याला कुणीतरी मारायलाच पाहिजे, असं तुला वाटलं तर त्यात तुझं काय चुकलं?

सुळ्यांचं चुकलं. ते मी सोडणार नाही.

आणि हूं आलं नाही म्हणून मी थांबले, हेसुद्धा अर्धंच खरं आहे. पुढचा भाग तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीत बसून सांगायला मला धीर झाला नसता. तो ऐकशील तेव्हा तुला कळेल.

मेघना म्हणाली, "मावशी, शेवट फक्त तुला येतो. तू सांग, मी लिहिते. प्रकाशक थांबलेत."

"सांगते. पण आधी पैल्या पुस्तकातला भाला काढ."

"म्हणजे?"

"पुन्हा छापशीला तेव्हा मेंढी मरायला नको. पोराची परत पोरगी कर."

"ते आईचं पुस्तक आहे."

"गोष्ट माझ्या अव्वाची हाय."

"असेल. पुस्तक माझ्या आईचं आहे. ती नाहीये आता, मावशी. ती असती तर तू तिच्याशी भांडली असतीस, तिनं बदललंही असतं. मी त्यातलं एक अक्षर हलवणार नाही."

"मी चार वर्सं संबाळलं तुला."

"माहितीये मला. म्हणून दुसऱ्या कुणाकडं गेले नाही. पण हलवणार नाही."

वही उचलून ती निघून गेली. चहा तसाच. जाताना मान अशी ताठ, की मागून मला वाटलं तूच जिना उतरतेयस. मी दार लावलं आणि एकटीच तुला शिव्या दिल्या.

आता ऐक. तू विचारलं होतंस आणि मी उद्या सांगते म्हणाले होते.

रान मिटल्यावर बाळाई तिथंच राहिली. वर ज्वारी पेरली गेली, वाढली, काढून झाली. बादशहाची छावणीही उठून गेली. उन्हाळा आला, भेगा पडल्या, आणि भुईमेंढी वर आली. मागं चाळीस मेंढरं, एकही कमी नाही, सगळी धष्टपुष्ट. आणि त्यांच्यामागं कोकरं. भुईखाली जन्मलेली. त्यांनी ऊन कधी बघितलं नव्हतं. ती डोळे मिटून भुईमेंढीच्या पोटाखाली शिरायला लागली, सख्ख्या आयांकडं जाईनात. मेंढ्यांनी ओरडून रान डोक्यावर घेतलं. बाळाईनं भुईमेंढीला नको नको ते बोलून घेतलं. "माझी कोकरं चोरलीस तू!" भुईमेंढी म्हणाली, "चोरली न्हाईत गं. माज्याकडं वाढली." आणि ती एकटीच, पाठीमागं सरत सरत, भेगेत उतरली. कोकरं काठावर उभी राहून आत बघत राहिली. बाळाईला ती पाय धरून ओढत नेता आली असती. तिनं नेली नाहीत. ती त्यांच्या शेजारी बसली, बघू दिलं. ऊन कलल्यावर एका मेंढीनं हाक मारली, एक कोकरू वळलं. मग दुसरं. मग सगळी.

म्हणून उन्हाळ्यात रानातून जाताना अव्वा भेगेपाशी थांबायची. एखादं कोकरू आत वाकून बघत असेल तर त्याला हाकायचं नाही. त्याचं बघून होऊ द्यायचं. एवढीच गोष्ट आहे. यात लढाई नाही, प्रकाशकांना आवडेल की नाही मला माहीत नाही.

लिहिता लिहिता मघाशी मी मेघनाला फोन केला.

"ये उद्या. सांगते."

"भाला काढणार नाही मी," ती म्हणाली.

"नगं काढू."

 मग ती म्हणाली, "जेवायलाच येते."

तेव्हा अक्का, तुझ्या पुस्तकात तुझा बाळाजी राहू दे. तो तिला मारतो तर मारू दे. दुसऱ्या पुस्तकात ती भेगेतून जिवंत वर येईल, आणि समोर बाळाई उभी असेल. पोरं काही भोळी नसतात. ती पत्र लिहून विचारतील की बाई, पहिल्या भागात मेलेली दुसऱ्या भागात उठली कशी? त्याचं उत्तर मी देणार नाही, मेघनालाही द्यायला लावणार नाही. मारलीस तू. तूच दे.